घोटभर वाईन, वीतभर मासा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या सांगता समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाने जे उपक्रम केले, त्यांतील नाटकांचा, गणेशोत्सवाचा आणि व्याख्यानांचा वृत्तान्त आपण आताच ऐकलात. जलसहलीचा वृत्तान्त सांगण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले, ते काही आमच्या वक्तृत्वाची ख्याती ऐकून नव्हे. त्या सहलीत एक चूक घडली, तिचे धनी आम्ही, आणि ज्याने चूक केली त्यानेच ती उभे राहून सांगावी, असा ठराव झाला. ठराव आम्हांस मान्य आहे. चुकीपर्यंत पोहोचण्यास मात्र थोडा वेळ लागेल, कारण नौकेलाही तो लागला होता.

कल्पना मुळात नाशिकची. आपले काही सभासद गेल्या हिवाळ्यात दिंडोरी भागातील वायनऱ्या पाहून आले. सकाळी द्राक्षमळ्यात फिरायचे, पिंपांच्या थंड खोलीत उभे राहून माहिती ऐकायची, मग चार-पाच पेल्यांच्या तळाशी ओतलेली वाईन चाखायची आणि जेवून परतायचे, असा तेथील एका दिवसाचा कार्यक्रम. परत आल्यावर त्यांनी विचारले की असे काही आपल्याकडे का होऊ नये? कोलकात्याच्या आसपास वाईनच्या द्राक्षांचे मळे नाहीत हे खरे. पण नदी आहे, आणि नदीत इलिश आहे. मळ्यापर्यंत जाता येत नसेल तर मळ्यातील वाईन नौकेवर आणू, आणि एकाच दिवसात चाखणे आणि मत्स्यभोजन दोन्ही साधू.

यावर कार्यकारिणीच्या तीन सभा झाल्या. मंडळाच्या पैशाने मद्य कदापि नको, असे एका पक्षाचे म्हणणे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता, याचे स्मरण त्या पक्षाने करून दिले. दुसरा पक्ष म्हणे, वाईन हा शेतकऱ्याच्याच मालाचा एक प्रकार आहे; राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले ते काय उगाच? एका ज्येष्ठ सभासदांनी तोड सुचविली की कार्यक्रमपत्रिकेत ‘वाईन’ न छापता ‘द्राक्षासव’ छापावे. ते तर वैद्याच्या दुकानात मिळते आणि आपल्या आज्यांनी अशक्तपणावर घेतलेलेच आहे. अखेरीस ठरले ते असे : वाईनचा खर्च घेणाऱ्याने वेगळा द्यावा, उत्पादनशुल्क खात्याचा रीतसर परवाना काढावा, मुलांना कोकमाचे सरबत द्यावे, आणि कोणाही प्रौढास एका वाईनचा एका घोटाहून अधिक वाटा नसावा. तीन सभांच्या इतिवृत्तांत मद्याविषयी नऊ पृष्ठे आहेत. माशांविषयी एक ओळ आहे : ‘मासे नेहमीप्रमाणे आणावेत.’ या ओळीकडे आपले लक्ष असू द्यावे.

तिथीचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. बंगालमध्ये इलिशचा खरा हंगाम पावसाळ्याचा, आणि नेमका तेव्हाच आपला श्रावण येतो. श्रावणात मासे नकोत म्हणणारी घरे आपल्यात पुष्कळ. बंगाली शेजारी आपल्या या नियमास हसतात. पण त्यांच्यातीलही पूर्व बंगालच्या कित्येक घरांत लक्ष्मीपूजेपासून सरस्वतीपूजेपर्यंत इलिश वर्ज्य असतो, आणि सरस्वतीपूजेस जोडीने इलिश आणून तो नियम सुटतो. नियम दोघांचेही आहेत, केवळ महिने निराळे. आम्ही रविवार, दिनांक २० जुलै २०२५ हा दिवस धरला. दीप अमावास्येस चार दिवस अवकाश होता. तरुण मंडळींनी त्या अमावास्येचे दुसरे, अधिक लोकप्रिय नाव घेतले. ते या व्यासपीठावरून आम्ही घेत नाही.

बाबूघाटावरून ओहोटी लागताच नौका सुटली. एकूण बासष्ट मंडळी, त्यांत मासे खाणारे चोपन्न. डाव्या हाताला प्रथम ग्वाल्हेर स्मारक लागते. १८४३ च्या महाराजपूर आणि पनियार येथील लढायांत शिंद्यांच्या सैन्याकडून हस्तगत केलेल्या तोफांचा धातू त्याच्या घुमटास लावलेला आहे. आपल्यापैकी निम्मे लोक त्याच्याजवळून वर्षानुवर्षे संध्याकाळचे फिरत आले, आणि त्यांतील बहुतेकांना हे त्या दिवशी प्रथमच कळले.

पुढे किल्ला. वस्तुतः नदीतून किल्ला दिसतच नाही. झाडी, बसका तट आणि निशाणाची काठी, एवढेच. तोफांच्या माऱ्यास उंच लक्ष्य मिळू नये म्हणून तट असे बसके बांधीत, आणि आपला मारा मोकळा राहावा म्हणून सभोवार मैदान राखीत. कोलकात्याचे मैदान त्या गरजेतून उरले आहे. पहिला फोर्ट विल्यम येथे नव्हता. तो उत्तरेस, आजच्या मोठ्या टपाल कचेरीच्या जागी होता, आणि जून १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने तो घेतला. हा दुसरा किल्ला १७५८ मध्ये आरंभिला आणि १७८१ मध्ये पुरा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये लष्कराने त्याचे नाव बदलून ‘विजय दुर्ग’ ठेवले आणि त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाचे नाव ‘शिवाजी द्वार’ झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. नौकेवर देवगड तालुक्यातील एक आजी होत्या. त्यांना हे नाव सांगताच त्यांनी किनाऱ्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि विचारले, “विजयदुर्ग? मगे वाघोटनची खाडी खंय गेली?”

आजींना उत्तर देता देता एक योगायोग सांगावा लागला, तो येथेही सांगतो. आजींचा विजयदुर्ग, म्हणजेच घेरिया, फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून इंग्रजांनी घेतला, आणि त्या कामी पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूला होती. नौदलाचा प्रमुख वॉटसन, जमिनीवरील सैन्याचा क्लाइव्ह. त्याच वर्षाच्या अखेरीस तेच वॉटसन आणि क्लाइव्ह, ‘केंट’ आणि ‘टायगर’ ही तीच लढाऊ जहाजे घेऊन, याच नदीत शिरले आणि २ जानेवारी १७५७ रोजी त्यांनी कलकत्ता परत घेतले. ज्यांनी तो विजयदुर्ग घेतला, त्यांनीच हा किल्ला उभारण्याची वाट मोकळी केली. आज त्यांच्या किल्ल्यास त्यांनीच जिंकलेल्या किल्ल्याचे नाव आहे. आजी एवढेच म्हणाल्या की पेशव्यांनी असे करायला नको होते.

विद्यासागर सेतूखालून नौका गेली आणि पहिली बाटली उघडली. चाखण्याची सूत्रे आपल्या एका सभासदांच्या जावईबापूंकडे होती. ते दिंडोरीच्या बाजूस एका वायनरीत कामास आहेत. गृहस्थ मितभाषी, पण विषयात मुरलेले. वाईनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते, पण खाण्याच्या द्राक्षाहून गोड असते, हे त्यांनी प्रथम सांगितले. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि शरदात फळ देतो. आपल्याकडे वेलीला झोप अशी नाहीच. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करून फळ धरायचे, आणि जानेवारी ते मार्च या काळात, रात्री थंड असताना, तोडणी करायची. वर्षात दोनदा कात्री आणि एकदाच पीक.

पेला उजेडाकडे धरावा, हलवावा, हुंगावा, घोट तोंडात घोळवावा, आणि पुढच्या वाईनची चव नीट कळावी म्हणून थुंकून टाकावा, अशी रीत त्यांनी सांगितली आणि एक पितळी बादली पुढे सरकविली. येथे पहिला गोंधळ झाला. तीन सभांमध्ये ज्यांनी मद्यास कडाडून विरोध केला होता, त्यांतीलच एक काकू म्हणाल्या, “पैसे मोजून घेतलेली वस्तू थुंकायची? हे काही आमच्याच्याने व्हायचे नाही.” बादली दिवसभर कोरडी राहिली.

पहिल्या घोटासोबत तोपशे माशाचे तळलेले तुकडे आले. आंब्याच्या दिवसांत हा मासा नदीत चढतो म्हणून कलकत्त्याचे इंग्रज त्यास ‘मँगो फिश’ म्हणत आणि त्यावर जीव टाकीत. त्यांच्या मेजावर सोबतीस असे मदिरा बेटाची नाहीतर फ्रान्सची वाईन. मदिरा बेटावरील वाईन जहाजाच्या पोटात महिनोन् महिने हिंदकळून आणि उष्ण कटिबंधाची धग खाऊन बिघडण्याऐवजी सुधारते, हे त्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले होते. पण येथे पोहोचल्यावर ती थंड कशी करायची? त्यासाठी घरोघर ‘आबदार’ नावाचा नोकर असे. पाण्यात सोरा विरघळविला की पाणी गार होते. त्या पाण्यात तो बाटल्या फिरवीत बसे. हा सोरा बिहारातून याच नदीने खाली येई आणि त्याचा मुख्य उपयोग तोफांची दारू करण्याचा. एकाच जिनसेवर किल्ल्यातील दोन्ही दारूंची सोय होत असे, असा विनोद आम्ही तेथे केला. सप्टेंबर १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून अमेरिकेतील बोस्टनचा बर्फ कलकत्त्यास आला आणि आबदाराचे महत्त्व उतरले.

जावईबापूंना यापेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक भावली. आपण प्रथमच कोलकात्यात नाशिकची वाईन आणली, असा आमचा समज होता. परंतु १८८३-८४ च्या हिवाळ्यात किल्ल्यासमोरच्या मैदानावर आणि इंडियन म्युझियमच्या आवारात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते, आणि त्यात हिंदुस्थानात केलेल्या वाईन मांडल्या होत्या. प्रेक्षकांना त्या आवडल्याची नोंद वाईनच्या इतिहासात आहे. त्या काळी काश्मीरप्रमाणे आपल्या बारामतीसही द्राक्षमळे होते. पुढे दहा वर्षांच्या आत-बाहेर फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरील किडीने ते मळे मोडले, आणि मग श्यामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात नारायणगावास फेसाळ वाईनचा उद्योग उभारीपर्यंत मध्ये जवळजवळ शतक गेले. “म्हणजे आम्ही नवे नाही, खंड पडलेले आहोत,” जावईबापू म्हणाले आणि त्यांनी दुसरी बाटली उघडली.

मेतियाबुरुज मागे पडले असेल, तेव्हा मागच्या डेकवरून आचाऱ्याने आम्हांस बोलावून घेतले. आता चुकीपाशी आलो.

माशांची खरेदी आमच्याकडे होती. आदल्या पहाटे आम्ही बाजारात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण दोष बाजाराचा कमी आणि आमचा अधिक. किलो-किलोचे सात इलिश घेतले आणि पिशवीतील पैसे जवळजवळ संपले. चोपन्न माणसांना सात मासे कसे पुरावेत, या विवंचनेत असता विक्रेत्याने शेजारच्या दोन टोपल्यांवरील गोणपाट उचलले. लहान लहान चांदीसारखे इलिश, भाव तिसरा हिस्सा. कुरकुरीत तळले की ताट भरेल, असा हिशोब आम्ही क्षणात केला आणि टोपल्या उचलल्या. मनात काही आले नव्हते असे म्हणणे खोटे होईल. गोणपाट का घातले होते, हा प्रश्न आला होता. तो आम्ही विचारला नाही.

आचारी डायमंड हार्बरकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याने टोपलीतील एक मासा उचलून पाटावर ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणला आणि त्यावर वीत टाकली. करंगळी शेपटीच्या पुढे पाटावर टेकली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. करंगळी प्रत्येक वेळी लाकडावरच. मग आमच्याकडे न पाहता तो म्हणाला, “दादा, ए तो शॉब खोका.”

‘खोका’ म्हणजे बाळ. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरहून लहान इलिश पकडण्यास आणि विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि २३ सेंटिमीटर म्हणजे बरोबर आपली वीत. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. पिले पुन्हा समुद्राकडे उतरतात. वीतभर इलिश म्हणजे ज्याने एकदाही परतीचा प्रवास केलेला नाही, असा. एके काळी हे मासे गंगेने थेट अलाहाबादेपर्यंत चढत. १९७५ साली फरक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि ती वाट अडली. आपले मंडळही १९७५ चेच. संस्थापकांपैकी जे आज येथे बसले आहेत, त्यांनी कचेरीतून घरी येताना दोरीला बांधलेला इलिश हातात लोंबकळत आणल्याच्या आठवणी आम्हांस कितीदा तरी सांगितल्या आहेत. त्यांच्याच सुवर्णमहोत्सवास आम्ही दोन टोपल्या बाळे घेऊन आलो होतो.

बातमी पुढच्या डेकवर गेली आणि चौथी सभा भरली. ती नौकेवर असल्याने तिचे इतिवृत्त नाही, पण आम्हांस ती पाठ आहे. मद्यास विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मत पडले की मासे मेलेले आहेत, पैसे दिलेले आहेत, नदीत टाकले तर जिवंत होणार नाहीत. अन्न वाया घालविणे हेही पापच. ज्यांनी वाईनचा पुरस्कार केला होता, त्यांतील काहींना एकाएकी कायदा आठवला. दोन्ही पक्षांचे लोक उलटसुलट बसले होते, आणि बोलणे चढत गेले. आम्ही दोषी असल्याने गप्प होतो. मग कोणीतरी जावईबापूंना विचारले. ते म्हणाले की नव्या वेलीला पहिली दोन वर्षे घड धरू देत नाहीत. आले तरी खुडून टाकतात. वडिलांनी पहिल्या वर्षीचे घड खुडायला लावले तेव्हा आपण लहान होतो आणि रडलो होतो. इतके बोलून ते पेले पुसू लागले.

निर्णय अखेर आचाऱ्याने दिला. टोपलीतील मासे तो मोहरीत घालणार नव्हता, भापा करणार नव्हता, केळीच्या पानात बांधणार नव्हता. इलिशचा मान त्यांना तो देणार नव्हता. नुसते मीठ-हळद लावून तळून देईन, ज्याला खायचे त्याने खावे, असे त्याने सांगितले. निम्म्याहून अधिक लोकांनी ताट पुढे केले नाही. आम्ही दोन खाल्ले, कारण खरेदी करून खाण्यास नकार देणे हे आणखी वाईट दिसले असते. खरे सांगतो, त्यांत इलिशचे काही नव्हते. ते तेल नाही, तो वास नाही. आहेत ते फक्त काटे, सुईसारखे, आणि एक काटा आमच्या घशात संध्याकाळपर्यंत होता.

उरले सात. एका माशाचे आठ तुकडे, म्हणजे छप्पन्न. चोपन्न आमचे, आणि दोन सारेंग व आचारी यांचे. हिशोब असा चोख जमला की कोणास दुसरा तुकडा मागण्याची सोयच उरली नाही. आम्ही मराठी आहोत हे कळल्यापासून सारेंग आम्हांस थट्टेने ‘बर्गी’ म्हणत होता. तो म्हणाला, बर्गी चौथाईवर समाधान मानीत, तुम्ही त्याहून कमीवर मानलेत.

आणि बंधूंनो, जेवण उत्तम झाले! वाईन घोटभर, मासा तुकडाभर. दोन्ही सारख्याच हळूपणे चालले. मोहरीच्या झणक्यापुढे पहिली कोरडी पांढरी वाईन फिकी पडली. दुसरी, शेनिन ब्लाँ, जरा गोडसर होती. तिने मोहरी झेलली आणि माशाचे तेल धुऊन काढले, तेव्हा काकूंनीदेखील मान डोलविली. शहाळ्यात शिजविलेल्या चिंगरीशी सोव्हिन्यों ब्लाँ चे जमले. तांबडी शिराझ मात्र इलिशसोबत जिभेवर गंजलेल्या खिळ्यासारखी लागली. आजींनी वाईन घेतली नाही. त्यांनी मोहरीतला इलिश सावकाश, एकही काटा न चुकविता खाल्ला आणि निवाडा दिला, “पालो आसा ह्यो. पण तिरफळां होयी होती.”

बजबजपर्यंत पोहोचलो तेव्हा पाऊस धरला होता. पुढे फाल्टा पाहण्याचा बेत होता. १७५६ मध्ये फोर्ट विल्यममधून पळालेले इंग्रज तेथेच क्लाइव्हची वाट पाहत कुजत राहिले होते. पण उलट प्रवाहात परतायचे असल्याने सारेंगने नौका वळविली. बजबजचा मातीचा किल्ला वॉटसनच्या एका खलाशाने घेतला, हा किस्सा वळता वळता सांगितला. डिसेंबर १७५६ ची अखेर. हल्ला दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. स्ट्रॅहन नावाचा हा खलाशी रात्री झिंगून एकटाच तटावर चढला आणि किल्ला माझा झाला म्हणून ओरडू लागला. त्याच्या मागून इतर धावले आणि किल्ला खरोखरच पडला. शिस्त मोडल्याबद्दल वॉटसनने त्यास बोल लावला, तेव्हा पुन्हा कधी एकट्याने किल्ला घेणार नाही, असे तो म्हणाला अशी कथा आहे. घोट एकच हवा, हा आपला नियम किती दूरदृष्टीचा होता, असे मद्यविरोधी पक्षाने यावर म्हटले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

परतताना दिवे लागले होते. विजय दुर्गाचा तट अंधारात अजिबातच दिसला नाही. आचारी डेकवर बसून पाट घासत होता. बारा बाटल्यांपैकी चार न उघडता परत आल्या, त्या जावईबापूंच्या स्वाधीन केल्या आहेत. दोन टोपल्यांची रक्कम आम्ही मंडळाच्या खात्यात स्वतःच्या खिशातून भरली असून पावती कोषाध्यक्षांकडे आहे.

पुढील वर्षीची सहल आषाढातच ठरली आहे. इतिवृत्तात या वेळी माशांविषयी दीड पृष्ठ झाले. सुताराकडून २३ सेंटिमीटरची एक शिसवी पट्टी करवून घेतली आहे, ती मंडळाच्या भांड्यांच्या कपाटात खिळ्याला टांगलेली आहे. जाता जाता ज्यांना आपली वीत तपासून पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी. आमची स्वतःची अर्ध्या बोटाने कमी भरली. तरीही खरेदी समितीत आमचे नाव कायम ठेवले आहे, असे अध्यक्षांनी आताच कानात सांगितले.